पावसाने आखलेलं बेट

श्रीलंकेच्या नकाशावर नऊ प्रांतांच्या सरकारी रेघा आहेत. पण त्या देशात हिंडताना वाटत राहतं, की या बेटाची खरी वाटणी पावसाने केली आहे. मे महिन्यात नैऋत्येचे ढग गॉल-कोलंबोचा किनारा भिजवतात, मधल्या डोंगरांवर रिते होतात आणि पलीकडे उतरतो तो नुसता कोरडा वारा. पूर्वेची आणि उत्तरेची पाळी येते दिवाळीच्या सुमारास, ईशान्येचा पाऊस सुरू झाला की. म्हणून जुलैत गॉलच्या तटाखाली समुद्र खवळलेला असतो, तेव्हा त्रिंकोमालीत लोक खुशाल पोहत असतात. सह्याद्री ओलांडून माणदेशात उतरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

एकट्या मध्य प्रांतातच पाहा. नुवारा एलियाला चहाचे मळे धुक्यात निथळत असतात. पूर्वी इथे कॉफी होती. तांबेऱ्याने ती बसली आणि चहा आला. गाडीच्या खिडकीतून हे डोंगर फार देखणे दिसतात, पण ज्यांनी ते हिरवे केले त्या तमिळ मजुरांच्या चाळी बघितल्याशिवाय तिथून निघू नये. त्याच प्रांताच्या उत्तर टोकाला सिगिरिया आहे आणि तिथे जमीन तापलेली, झाडोरा खुरटा.

सिगिरियाला सगळे जण वर बघतात. कातळ आहेच तसा, सपाटीतून एकदम उठलेला, जवळजवळ दोनशे मीटर. भित्तिचित्रं, सिंहाचे पंजे, माथ्यावरचा राजवाडा. मी मात्र पायथ्याच्या बागेत रेंगाळलो. तिथे चुनखडीच्या गोल तबकड्या जमिनीत बसवल्या आहेत आणि त्यांत सारख्या अंतराने बारीक भोकं पाडलेली आहेत. ही कारंजी. पाचव्या शतकातली. पाणी जमिनीखालच्या नळांतून निव्वळ उताराच्या दाबाने येतं, आणि चांगला पाऊस झाला की ती आजही उडतात.

ती बांधवणाऱ्या राजा कश्यपाने बापाची गादी बळकावून त्याला मारलं होतं. बाप धातुसेन. बखर सांगते, की मुलाने खजिना कुठे म्हणून विचारलं, तेव्हा धातुसेनाने आपण बांधलेल्या काला वेव तलावाकडे नेऊन ओंजळभर पाणी दाखवलं. माझी दौलत ती हीच. कथा खरी असो नसो, तलाव खरा आहे. त्यातून अनुराधापूरला जाणारा सुमारे ८७ किलोमीटरचा कालवाही खरा आहे. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर! हाताशी आजच्यासारखी यंत्रं नसताना हा उतार साधणाऱ्यांपुढे मी मनापासून नतमस्तक होतो. उत्तर-मध्य प्रांतातले स्तूप आणि बोधिवृक्ष पाहायला जग येतं, पण त्या नगरीला हजारावर वर्षं पोसलं ते तलावांनी. पाणी एका तळ्यातून खालच्या तळ्यात, तिथून भातात, तिथून आणखी खालच्या तळ्यात.

जाफन्यात मात्र तलावांचा हा थाट नाही. तिथे बारमाही नदीच नाही. खाली चुनखडी आहे. पावसाचं गोडं पाणी तिच्यात मुरतं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. कीरिमलैच्या कुंडात हे हाताने तपासता येतं. भिंतीपलीकडे लाटा आपटताहेत आणि अलीकडे माणसं गोड्या पाण्यात बुडी मारताहेत. आडी या तमिळ महिन्याच्या अमावास्येला पितरांसाठी तिथे मोठी गर्दी होते.

पण पाण्याचा हा थर पातळ आहे. लाल मातीत कांदा आणि तंबाखू पिकतो तो विहिरींवर, आणि पंप जास्त चालले की तळाचं खारं पाणी वर सरकतं. यादवी युद्ध संपल्यानंतर जाफन्याचा हा उत्तर प्रांत पाहुण्यांसाठी उघडला, याचा मला आनंद आहे. मात्र तिथल्या प्रत्येक नव्या हॉटेलची टाकी भरायची ती याच चुनखडीतून, आणि ती चुनखडी भरणारा पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच पडतो.