रबराचा पट्टा

रबराचा रुंदसा पट्टा झटकन् ताणून ओठांस लावावा. किंचित् ऊन लागतो. कांहीं वेळ तसाच ताणून धरावा, मग एकदम सैल सोडून पुन्हां लावावा; गार लागतो. घरांत मुलें जमलीं कीं आम्ही हा खेळ दाखवितों, आणि आमच्या वहिनी दरवेळीं विचारतात, "एवढ्यासाठींच का भावोजी, तीस वर्षें पगार घेतलात?"

बऱ्याच अंशीं एवढ्यासाठींच! जॉन गॉफ ह्या अंध इंग्रज पंडितानें ही गोष्ट १८०५ सालीं प्रसिद्ध केली; १८५९ त जूलनें ती काटेकोर मोजली. कारण कळावयास मात्र १९३० नंतरचीं वर्षें उजाडलीं. रबर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा गुंता. तो ताणला कीं साखळ्या सरळ होतात, अव्यवस्था घटते आणि त्या घटीची भरपाई उष्णता बाहेर पडून होते. अशा साखळ्यांच्या पदार्थांस पॉलिमर म्हणतात. ते ताणले असतां काय होतें आणि वाहूं लागले असतां काय होतें, ह्या दोन प्रश्नांत आमची अध्यापकी सरली.

पैकीं दुसऱ्यानें आम्हांस चांगलेंच पोळलें. द्रवांत पॉलिमर अगदीं थोडें मिसळलें तरी नळांतून जोरानें वाहतांना होणारें घर्षण पुष्कळ घटतें, हें टॉम्सनें १९४८ सालीं मांडलें. डॉक्टरेटसाठीं आम्हीं हाच विषय घेतला. तेंच पाणी पंपानें नळांतून फिरवीत दोन वर्षें मोजमापें केलीं. सकाळीं घर्षण कमी असे, दुपारपर्यंत पुन्हां वाढे. साखळ्या हळूहळू आकसत असाव्यात, अशी मोठी डौलदार उपपत्ति आम्हीं त्यावर रचिली. एके दिवशीं एका कनिष्ठ सोबत्यानें वापरलेलें पाणी रात्रभर तसेंच ठेवून सकाळीं पुन्हां तपासलें. गुण परत आला नाहीं. साखळ्या आकसल्या नव्हत्या. पंपाच्या पात्यांनीं तुटल्या होत्या. आम्ही निसर्गनियम मोजीत नव्हतों, पंपाची नासधूस मोजीत होतों!

घरचा भार एकट्या दादांवर होता, आणि दोन वर्षांत परततों असें आम्हीं सांगितलें होतें. आणखी दीड वर्ष लागेल, हें त्यांस लिहितांना हात चालेना. उलट टपालीं कार्ड आलें: "धाकटीचें लग्न पुढें ढकललें आहे. काम नीट करून या."

मग गच्चीवर टाकी बसवून पाणी एकदांच, स्वतःच्या भारानें, नळांतून सोडलें. तेव्हां कोठें आंकडे जुळले.

धाकटीनें त्याबद्दल आजवर एक अक्षर काढलेलें नाहीं, दादांनींही नाहीं. वहिनी तेवढ्या पगाराचें विचारतात, आणि खेळ संपला कीं तो पट्टा लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर चढवून ठेवतात.