अर्धं ठेवण्याची मुभा

नागपूरची थंडी स्वेटर पूर्ण होण्याआधी संपते. लोकर हातात घ्यावीशी वाटते दिवाळीनंतर, आणि संक्रांत उलटली की दुपारी तीच लोकर घामेजल्या बोटांना चिकटायला लागते. २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि मे २०१३ मध्ये ४७.९ पर्यंत चढला होता. ज्या गावाने हे दोन्ही आकडे पाहिले, तिथे लोकरीच्या वाट्याला जेमतेम दोन-अडीच महिने येतात, आणि नेमके तेच लग्नसराईचे, पाहुण्यारावळ्यांचे, हुरड्याचे महिने. शिमल्याकडची बाई वर्षातला मोठा काळ मांडीवर लोकर घेऊन बसू शकते. इथे एक बाही होते, दुसरी सुरू होते आणि होळी येते. मग ते सगळं उशीच्या अभ्र्यात बांधून दिवाणात जातं. उन्हाळ्यात कूलरच्या ओलसर वाऱ्यात सुती दोरा हाताला बरा लागतो, म्हणून रुमाल सुरू होतो. पावसाळा लागतो आणि तो रुमालही दिवाणात जातो.

आमच्या दिवाणात असे अभ्रे कायम असतात. एकात निळ्या टोपड्याचा घेर आहे. ज्याच्यासाठी तो घातला तो भाचा आता सायकल चालवतो. एकात दाराच्या तोरणाचे पाच मोर आहेत आणि सहावा मानेपर्यंत झालेला. एकात लाकडी नंदीची झूल. तान्हा पोळा हा आम्हा नागपूरकरांचा लाडका सण. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन येतात. त्या नंदीच्या शिंगांना बेगड हवी, गळ्यात घुंगरू हवा आणि पाठीवर झूल हवीच. माझी झूल दर श्रावणात बाहेर निघते, चार बोटं वाढते, आणि पोळ्याच्या आदल्या रात्री बाजारातून आणलेली साटिनची झूल नंदीच्या पाठीवर चढते. शेजारच्या काकू अंगणातून विचारतात, "अजून तेच विणून राहिली का गं?" हो काकू, अजून तेच. त्याची मला लाज वाटत नाही.

क्रोशा हे मुळात अर्धं राहणं सोसणारं काम आहे. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते. शंभर टाके असतील तर शंभर फास उघडे, आणि सुई निसटली की सगळे धोक्यात. नेहमीच्या क्रोशात तसं नसतं. साखळी घाला, मुका खांब घाला, खांब घाला, मागचं सगळं आपापल्या जागी पक्कं बसलेलं असतं आणि सुईवर उरतो तो एकच फास. कुकरची शिट्टी झाली, दारात कुणी आलं, की तो फास जरा लांब ओढायचा, त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. दहा मिनिटांनी परत या नाहीतर पुढच्या वर्षी या, काम जिथे सोडलं तिथेच सापडतं. घर, नोकरी, आजारपणं यांत गुंतलेल्या बायकांच्या हातात ही सुई टिकली, त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. साहित्य थोडं, जागा थोडी, आणि हवं तिथे थांबता येतं.

त्यातलं सुख मात्र थोडं नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत लक्ष सगळं मोजण्यात असतं, या घरात तीन खांब, कोपऱ्यात तीन, दोन साखळ्या, पुन्हा तीन. मग केव्हातरी मोजणं बोटांकडे जातं आणि डोकं मोकळं होतं. दोरा डाव्या हाताच्या करंगळीला वेढा घालून तर्जनीवरून येतो. तो किती सैल सोडायचा हे ती तर्जनीच ठरवते. कोपरा वळला की जाळी एकदम नीट बसते, चौकोन चौकोनासारखा दिसायला लागतो. त्या क्षणी मला होणारा आनंद मोठ्या गोष्टींच्या आनंदाहून कमी नसतो. आणि तो सातव्या फेरीतही पूर्ण मिळतो. विसाव्या फेरीपर्यंत, शेवटची गाठ मारेपर्यंत थांबावं लागत नाही. दिवसभरात मी जे जे करते त्यातलं बहुतेक सगळं पूर्ण झाल्याशिवाय कामाचं नसतं. अर्धी कणीक मळून उठता येत नाही. महिनाअखेरचा हिशेब अर्धा देता येत नाही. अर्ध्यात सोडलं तरी कुणी उपाशी राहत नाही, कुणाचं काही अडत नाही, असं माझ्या हातात हे एकच काम आहे.

ही मुभा आधीच्या बायकांना होती असं समजू नये. क्रोशाचं तोरण, ताटांवरचे रुमाल, कडेला मणी ओवलेलं तांब्यावरचं जाळीचं झाकण, रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर पसरायचा रुमाल, हे सगळं रुखवतात मांडलं जायचं. तिथे अर्धं काही चालत नसे. लग्नाची तारीख ठरली की घरातल्या बायका कामं वाटून घेऊन रात्री जागायच्या. वराकडच्या बायका रुमाल उचलून उलटा करून बघायच्या, मागून गाठी दिसतात का, दोऱ्याची टोकं नीट लपवली आहेत का. त्या उलट्या बाजूवरून मुलगी कशी आहे हे ठरायचं. आता रुखवत तयार विकत मिळतं, भाड्यानेसुद्धा मिळतं, आणि पुष्कळांना त्याची हळहळ वाटते. त्या रुमालांची कारागिरी गेली याचं मलाही वाईट वाटतं. पण रुमालावरून मुलीची परीक्षा घेणं थांबलं, हे फार चांगलं झालं. परीक्षा असेतोवर त्याला छंद म्हणणं खोटंच होतं.

पोटासाठी विणणाऱ्या बाईला तर अर्धं ठेवणं मुळीच परवडत नाही. अशा बायकांचं एक गाव आमच्याच पाण्याच्या वाटेवर आहे. आमची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा एक होऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. ते पाणी आंध्रात धवळेश्वरमच्या खाली फुटतं आणि त्यातला वसिष्ठा गोदावरीचा फाटा नरसापूरच्या काठाने समुद्राकडे जातो. पोळपाट-लाटणं सांभाळत क्रोशाची लेस विणणाऱ्या हजारो बायकांचं हे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिशनऱ्यांमार्फत ही कला तिथे रुजली. जवळपास त्याच काळात, १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात, आयर्लंडमधल्या बायका हेच काम करून घरं जगवत होत्या. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट. पण त्याआधी कितीतरी वर्षं, १९८२ मध्ये, मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी त्या विणणाऱ्यांवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्यात त्यांनी दाखवून दिलं की लेस परदेशात जाते, व्यापाऱ्याला पैसा मिळतो, आणि विणणारी मात्र कामगार म्हणून मोजलीच जात नाही. ती गृहिणी, ती फावल्या वेळात करते, असं म्हणून तिची मजुरी अगदी खाली ठेवता येते. कामही वाटलेलं. एक बाई नुसती फुलं विणणार, दुसरी ती जोडणार. फुलं विणणारीला पूर्ण झालेला रुमाल दिसेलच असं नाही.

'फावला वेळ' या नावाखाली माझं सुख आणि तिची कमी मजुरी दोन्ही बसतात, याने मी अस्वस्थ होते. खरा क्रोशा आजही यंत्रावर निघत नाही. यंत्राचं जे तसं दिसतं ते वेगळ्या पद्धतीचं विणकाम असतं. म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या मेन रोडवर खऱ्या क्रोशाचा टॉप अगदी स्वस्तात टांगलेला दिसला, तर त्यातला प्रत्येक खांब कुणीतरी हाताने घातलेला आहे. हातभर जाळीला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे. तशी वस्तू मी घासाघीस करून घेत नाही, आणि माझ्या हातचं कुणी विकत मागितलं तर देतही नाही. एकदा पैसे घेतले की तारीख आली, आणि दिवाणातल्या अभ्र्यांवर दुसऱ्या कुणाचा तरी हक्क आला.

तरी अर्धं ठेवायचं म्हणजे टाकून द्यायचं नाही. त्याला थोडी शिस्त लागते. प्रत्येक अभ्र्यात त्याच कामाची सुई राहते. ती काढून दुसरीकडे वापरली की पुढे नंबर आठवत नाही आणि जाळी सैल-घट्ट होते. लोकरीच्या गुंड्याचा कागद टाकायचा नाही, कारण त्यावर रंगाचा लॉट नंबर असतो. तोच निळा पुढच्या वर्षी इतवारीच्या बाजारात मागायला गेलं तर जवळचा निळा मिळतो, तोच मिळत नाही. आणि एक चिठ्ठी: कुठल्या ओळीवर आहे, पुढे काय करायचं, कुणासाठी आहे. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. पाडव्याआधी घर झाडताना मी सगळे अभ्रे पलंगावर उघडते आणि ती चिठ्ठी वाचून स्वतःला विचारते, हे हातात घ्यावंसं वाटतं का? वाटत असेल तर ते पुन्हा दिवाणात जातं, मग त्याला किती वर्षं झाली हे मी बघत नाही. नुसतं ओझं वाटत असेल तर त्याचं दुसरं काही करायचं.

दुसरं काही म्हणजे बहुतेक वेळा 'पूर्ण' कशाला म्हणायचं ते बदलणं. दारासाठी नऊ मोर हवेत, पण स्वयंपाकघराच्या खिडकीला पाच पुरतात. चादरीसाठी केलेले आणि चादरीला कधीच न पुरणारे चौकोन कडेला एक फेरी घातली की पेल्याखाली ठेवायला होतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तेच वाण देते, आणि बायका ते प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा हौसेने नेतात. चेन्नईत २०१६ मध्ये ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण करून विक्रम झाला, तोही अशाच लहान तुकड्यांतून, देशभरच्या हातांनी केलेल्या. आणि जे कशातच बसत नाही ते उसवायचं. उसवण्याबद्दल बायका हळव्या होतात, पण मला ते आवडतं. शेवटचा फास सोडून दोरा ओढला की ओळीमागून ओळ सरसर मोकळी होते. दोऱ्याला पडलेल्या वळ्या जायला त्याची लडी करायची, कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता सावलीत टांगायची. दोन दिवसांत दोरा पुन्हा गुंडा करायला तयार होतो. निळ्या टोपड्याचं यंदा हेच करणार आहे. मेहनत वाया गेली असं मला म्हणवत नाही. ज्या दुपारी ते विणलं त्या दुपारी ते सुख मी घेतलेलं आहे.

दुसऱ्याचं अर्धं मात्र असं उसवता येत नाही. आत्या गेली तेव्हा तिचा मेजावरचा जाळीचा रुमाल अर्धा राहिला होता, पितळी डब्यात, सुईसकट. अमेरिकेत दोन मैत्रिणींनी २०२२ मध्ये 'लूज एंड्स' नावाचं काम सुरू केलं. घरातलं माणूस गेलं किंवा आजारामुळे त्याला विणणं जमेनासं झालं, तर त्याचं अर्धं काम अनोळखी स्वयंसेवक घरी नेतात, पूर्ण करतात आणि कुटुंबाला परत देतात, पैसे न घेता. हे वाचलं तेव्हा मला तो डबा उघडण्याचं बळ आलं. आत्याचा हात घट्ट, माझा सैल. तिच्या सुईने मी विणलं तर जाळीची घरं मोठी व्हायची. बारीक सुई घेऊन बघितली, आकार जुळला, पण तिच्या खांबांचा ताठपणा काही माझ्या खांबांना येईना.

तेव्हा मी जुळवणं सोडलं आणि दोराच बदलला. तिचा पांढरा संपतो तिथून माझा बदामी सुरू होतो. आईला ते खटकलं. तिच्या मते जुळता पांढरा इतवारीत मिळाला असता, आणि आत्याला एकसारखं काम आवडायचं हेही खरं आहे. पण तसा दोरा लावला असता तर आत्या कुठे थांबली ते कुणालाच कळलं नसतं. रुमालाची एक बाजू अजून व्हायची आहे, तरी तो मेजावर अंथरलेला असतो. घरी आलेली माणसं त्या दोन रंगांबद्दल विचारतात. आई अजून नाराज आहे, पण बोट ठेवून तीच दाखवते, "इथपर्यंत आमच्या वन्संचं."