ओठ न हलवता

प, फ, ब, भ, म. आरशासमोर उभं राहून ही पाच अक्षरं ओठ न मिटता म्हणून बघा. घसा कितीही ताणला तरी ओठ मिटल्याशिवाय ती उमटत नाहीत. आई, आजी, काका, दादा यांना हाका मारताना अडत नाही, पण बाबा आणि मामा आले की पंचाईत. पुणे नाही, मुंबई नाही, भाकरी नाही, पाऊस नाही. बाहुलीला बोलकं करणाऱ्या शब्दभ्रमकाराला मात्र या सगळ्यांसकट बोलावं लागतं, तेही चेहऱ्यावरची रेघ न हलवता. ओठांचं काम तो जिभेकडून करून घेतो, जीभ दातांच्या मागे टेकवून 'ब'च्या जवळचा आवाज काढतो. उरलेलं अंतर आपले कान भरून काढतात, कारण वाक्य ओळखीचं असतं.

हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लहानपणी एवढंच ठाऊक होतं, की दूरदर्शनवर शब्दभ्रमकार रामदास पाध्ये आले की जवळ सरकून बसायचं आणि त्यांचे ओठ पकडायचे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. आमच्या घरात टीव्ही आला तो त्यानंतर काही वर्षांनी. लाकडी पेटी, दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर, उजवीकडे चॅनेलचं बटण आणि त्याखाली स्पीकरची जाळी. शेजारची मुलं सतरंजीवर, मोठी माणसं मागे खुर्च्यांवर. 'बोलक्या बाहुल्या' सुरू झाल्या की बाबा सांगत, "बाहुलीकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा." आम्ही डोळे वटारून पाध्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. त्यांचा बाहुला अर्धवटराव पहिलं वाक्य बोलेपर्यंत ते साधायचं. मग त्याचे डोळे फिरायचे, मान वळायची, तो पाध्यांना काहीतरी लागट बोलायचा आणि आमच्यासकट बाबासुद्धा त्याच्याकडेच बघत असायचे.

नाट्यगृहात शब्दभ्रमकाराला अंतराची मदत असते. दहाव्या रांगेतून ओठांची बारीक हालचाल कोणाला दिसणार? टीव्हीने ते अंतर काढून घेतलं. कॅमेरा हातभर अंतरावर येऊन चेहरा पडदाभर दाखवणार. या कलेसाठी इतकी कठीण जागा दुसरी नसेल. एक गोष्ट मात्र टीव्हीने उलट सोपी केली. पाध्यांचा आवाज आणि अर्धवटरावचा आवाज आमच्या घरात त्या एकाच जाळीतून येत होता. तरी एक डावीकडून आणि एक उजवीकडून आल्यासारखा वाटे. आवाज कुठून आला हे कानांपेक्षा डोळेच जास्त ठरवतात. सिनेमात नटाचं बोलणं त्याच्या तोंडून येतंय असं वाटतं, तेही त्यामुळेच.

पण नुसत्या हलणाऱ्या जबड्याने बाहुली जिवंत होत नाही. तसं असतं तर बाजारातली कुठलीही बाहुली बोलकी झाली असती. आता जुने कार्यक्रम पुन्हा बघताना माझं लक्ष भलतीकडेच जातं. अर्धवटराव बोलत असताना पाध्ये काय करतात? ते ऐकत असतात. मान किंचित त्याच्याकडे झुकलेली, भुवया वर, टोमणा लागल्यावर क्षणभर पडलेला चेहरा आणि उत्तर सुचेपर्यंतची ती अडचण. पुढचं वाक्य त्यांनाच म्हणायचं असतं, हात त्यांचाच आत असतो, जीभ त्यांचीच दातांमागे धडपडत असते. आणि चेहरा मात्र ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा. माणूस जिकडे बघतो तिकडे आपण बघतो. इतकं मन लावून ज्याचं ऐकलं जातंय तो लाकडाचा कसा असेल? मला ही कला बोलण्याची कमी आणि ऐकण्याची जास्त वाटते.

आपल्याकडची कळसूत्री परंपरा नेमकी याच्या उलट. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार पिढ्यान्‌पिढ्या दोऱ्यांवर बाहुल्या नाचवत आले. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे खेळ करणारा आडोशाला असतो, बाहुली एकटी पुढे येते. शब्दभ्रमकार सगळं उघड्यावर मांडून शेजारी बसतो आणि तरीही विश्वास ठेवायला लावतो. दोन्हींत थोर कोण हे मी ठरवणार नाही, पण दुसऱ्याचं धाडस मला आजही थक्क करतं.

अर्धवटरावला रंगमंचावर आणलं ते रामदासांच्या वडिलांनी, यशवंत पाध्ये यांनी. रामदास शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर. हे कळलं तेव्हा त्यांच्या बाहुल्यांच्या मानेचा तो हिसका, तो सफाईदार वळसा एकदम उलगडला. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला खदाखदा हसणारा ससा त्यांचाच. १९९३च्या 'झपाटलेला' चित्रपटातला भीतीदायक बाहुला तात्या विंचूही त्यांच्याच हातचा, आवाज तेवढा दिलीप प्रभावळकरांचा. ज्या हाताने आम्हाला हसवलं त्याच हाताने पुढच्या पिढीला रात्री पांघरुणात दडवलं. आता रामदासांचे चिरंजीव सत्यजित पाध्ये ही कला पुढे नेत आहेत. आजोबा, वडील, नातू असे गळे बदलले. अर्धवटराव शंभरी ओलांडूनही आपला तसाच फटकळ.

परवा भाच्याला फोनवर एक जुना कार्यक्रम दाखवला. आजच्या मुलांच्या हाती आमच्याकडे नव्हतं ते हत्यार आहे. त्याने चित्र थांबवत, मागे नेत, बोटांनी मोठं करत पाध्यांचे ओठ तपासले. "इथे थोडे हलले," म्हणाला, पण खात्री नव्हती. मग त्याने ते सोडून दिलं आणि चित्र सुरू ठेवलं. दोघांचं भांडण रंगलं तसा तो अर्धवटरावच्या बाजूने हसू लागला. संपल्यावर मला विचारलं, "मावशी, हे दोघं घरी गेल्यावर पण असेच भांडतात का गं?"

मी म्हटलं, भांडत असणारच. तीन पिढ्यांचं एकत्र कुटुंब आहे ते.