तिरंगा कुठे लावशील?

प्रिय मुक्ता,

बोट घेतलीस हे मला तुझ्या आईकडून कळावं? आणि साउथॅम्प्टनहून स्वतः फोन केलास तो पंधरा ऑगस्टला तिरंगा कुठे लावू, हे विचारायला! पण विचारलंस, बरं वाटलं. आपल्या घरात दर्याचं काही विचारणारं आता तूच उरलीस.

मागे काठी ठोकून लावू नकोस. बोट ज्या देशात नोंदलेली, मागची जागा त्या देशाच्या झेंड्याची. तुझ्या बोटीला तिथे ब्रिटनचा लाल एनसाइनच हवा. रागावलीस? त्यात कमीपणा नाही गं, सगळ्या दर्यावर हीच रीत आहे. शिवाय बोट कलली की मागचा झेंडा पाण्याला लागेल, आणि तिरंगा पाण्यात लोळू द्यायचा नाही, असं आपली ध्वजसंहिताच सांगते.

तुझ्या बोटीच्या फोटोत डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आडव्या दांड्या दिसतात, ते स्प्रेडर. उजवीकडची जागा परक्या देशाच्या बंदरात शिरताना त्याच्या मानाच्या झेंड्याची. तू डावीकडच्या दांडीखाली छोटी कप्पी टांग. त्यातून चार मिलिमीटरची विणलेली दोरी ओवायची, कप्पीच्या उंचीच्या दुप्पट आणि वर थोडी जास्त. मग दोन्ही टोकं एकमेकांना बांध. हे विसरू नकोस. आठवतं ना, मुरूडला नारळी पौर्णिमेला आजोबांच्या मचव्यावर बावटा चढवताना तू हातातलं टोक सोडलंस ते? दोरी सरसर कप्पीतून निघून गेली, भर भरतीत बापूला काठीवर चढावं लागलं, आणि तू टाळ्या पिटत होतीस! तुझ्या 21 फुटी बोटीच्या काठीवर मात्र कुणी चढायचं नाही. एवढं वजन वर गेलं तर ती आडवीच होईल.

झेंड्याची वरची आणि खालची, दोन्ही टोकं दोरीला पक्की हवीत. नुसतं वरचं बांधलंस तर तो काठीला गुंडाळून बसेल. चढवायची घाई सगळ्यांना असते. मी आधी उतरवून बघतो. वारा वाढल्यावर एका हाताने खाली ओढता आला नाही, तर ती दोरी कुचकामी.

मापाचं म्हणशील, तर मागच्या झेंड्याची लांबी बोटीच्या दर फुटाला एक इंच धरतात. तिरंगा 18 बाय 12 इंचांचा पुरे, तीनास दोन जमतं. त्याच्या दोरीवर दुसरं काही नको. क्लबचा तिकोनी झेंडा काठीच्या टोकावर असेल तर त्या दिवशी उतरव. तिरंग्याच्या वर काही नसावं.

कप्पी तिथेच मिळेल. दोरी मी पाठवत नाही, तुझी तू निवड, हाताला कळू दे. फक्त त्या दिवशी वारा फार असेल तर हट्टाने फडकवू नकोस, फाटेल. आणि पुढची बोट घेशील तेव्हा आधी मला फोन कर.

तुझा,
नानाकाका