राज्य निवडा

तर झालं असं, की 2019 च्या नोव्हेंबरात मी नागपूरच्या अ‍ॅग्रोव्हिजनमध्ये चक्क स्टॉलवर उभा होतो! लेखक माणूस, कृषी प्रदर्शनात काय करणार? ओळखीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने संत्रा बागायतदारांसाठी मोबाइल अ‍ॅप केलं होतं, त्यातला मराठी मजकूर माझा. "चार दिवस या, लोकांशी बोला," मालक म्हणाला. गोव्याची मराठी नागपुरात किती चालणार, हे दोघांनाही सुचलं नाही.

रेशीमबागेचं मैदान, तीन बाय तीनचा स्टॉल, एक टीव्ही, पत्रकांचे गठ्ठे. लोक आले ते पत्रकासोबतच्या पिशवीसाठी. संध्याकाळी पिशव्या संपल्या, पत्रकं उरली. असो.

दुसऱ्या दिवशी साठीचे एक काका आले, पांढुर्ण्याचे. पांढुर्णा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर सावरगावाशी होणारी गोटमार, एवढंच मला ठाऊक. संत्र्यांचा पत्ताच नव्हता. मी फोन त्यांच्या हातात दिला. 'राज्य निवडा.' त्यांनी मध्य प्रदेश निवडलं आणि अख्खं अ‍ॅप हिंदी झालं. ही हिंदी यंत्राकडून करून घेतलेली. पहिलाच प्रश्न : 'बगीचे को तनाव कब दिया?'

काका बघत राहिले, मग हसले. "तनाव आम्हाले हाय जी. बागेले ताण असते."

आंबिया बहारासाठी पाणी तोडून झाडं उपाशी ठेवतात, पानं मलूल झाली की पुन्हा पाणी, मग फुलं फुटतात. हा तो ताण. मी मराठीत बरोबर लिहिला होता, पण तो फक्त महाराष्ट्राला दिसायचा.

"मराठी काऊन नाही दिली? घरी आम्ही मराठीच बोलतो."

काय सांगणार? 1956 साली राज्यं नव्याने आखली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्ह्यातले पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. आमच्या अ‍ॅपने तीच रेघ पुन्हा ओढली होती.

रात्री मालकाने लीड मोजल्या. हे सगळे 'इतर राज्य' या रकान्यात. भाषा राज्यापासून वेगळी करा, म्हटलं, तर म्हणाला, "दोन तालुक्यांसाठी?" त्याचंही खरं होतं, स्टॉलचं भाडं त्याच्या डोक्यावर. पण प्रोग्रॅमर पोरगा लॉजवर गुपचूप बसला आणि झोपण्याआधी भाषेचा वेगळा पर्याय करून मोकळा झाला.

तिसऱ्या दिवशी सौंसरचे दोघे भाऊ आले. मराठी निवडली, वाचली. मोठा म्हणाला, "ही पुण्याची मराठी हाय का?"

पुण्याची! गोव्याच्या माणसाला! तरी त्यांच्यासमोर बसून मी सात-आठ शब्द बदलून घेतले.

प्रदर्शन संपल्यावर सौंसरला जाऊन आलो. पाट्या हिंदी, गप्पा मराठी. आमच्याकडे पाट्या इंग्रजी, गप्पा कोंकणी, त्यामुळे फार परकं वाटलं नाही. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यातच आलं.

परतीच्या गाडीत सहज अ‍ॅप उघडलं, राज्य गोवा निवडलं. सगळं इंग्रजी. गोव्यात संत्र्याच्या बागा कुठे आहेत, हे मालकाचं उत्तर मला आधीच माहीत होतं. तरी फोन लावला.