गाडी गेली, नाव राहिलं

फोटो उघडला आणि मागच्या बंपरवरचा पोचा मी लगेच ओळखला. सोसायटीच्या गेटचा खांब घासला होता, तेव्हाचा. काचेवर लेकीनं चिकटवलेलं फुलपाखरूही तसंच. सोलापूर महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याचं ते ई-चलन माझ्या मोबाइलवर आलं होतं, आणि ही गाडी तर आठ महिन्यांपूर्वीच मी पुण्यातल्या एका शोरूमला एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली होती.

त्या दिवशी सगळं लक्ष नव्या गाडीकडे. हार, नारळ, पेढे. त्या गडबडीत सेल्समननं फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० पुढे सरकवला. पेन्सिलनं फुल्या मारलेल्या जागी मी सह्या केल्या. खरेदीदाराच्या नावाचा रकाना कोरा होता. विचारलं, तर म्हणाला, "सर, पार्टी मिळाली की आम्ही भरतो. ट्रान्सफरचं टेन्शन घेऊ नका." आरसी, दोन्ही किल्ल्या, विम्याचे कागद, सगळं त्याला दिलं. जुनी गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता ताब्यात घेतली, एवढं लिहिलेला साधा कागद मात्र मी मागितला नाही.

चलन आलं त्या रात्री एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला. मालकाच्या नावातली मधली अक्षरं झाकलेली होती, पण नाव माझंच. खाली विम्याची मुदत दिसत होती, ती दोन महिन्यांपूर्वी संपलेली. मग झोप लागेना. दंड भरता येतो. पण उद्या त्या गाडीखाली कुणी आलं तर? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय, की नोंदीत ज्याचं नाव, कायद्याच्या लेखी मालक तोच. तिथली गाडी २००७ मध्येच विकलेली, पुढे हातोहात गेलेली, अपघात २००९ मधला. तरी भरपाईची जबाबदारी पहिल्या माणसावरच आली.

शोरूममध्ये गेलो तर तो सेल्समन नोकरी सोडून गेलेला. मॅनेजर म्हणाला, गाडी ब्रोकरला दिली. ब्रोकर म्हणाला, पुढे दुसऱ्या एजंटला. आरटीओतल्या बाईंनी शांतपणे समजावलं, "मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानंही १४ दिवसांत कळवायचं असतं. फॉर्मवर सही केली म्हणजे आम्हाला कळवलं, असं होत नाही." शोरूम, आरटीओ आणि वाहतूक पोलीस, तिघांनाही लेखी अर्ज दिले, पोच घेतली. अर्जावर पोच पडल्यावरच मॅनेजरनं ब्रोकरची वही मागवली.

गाडी निघाली बार्शीच्या एका तरुणाकडे. मी रागातच फोन लावला होता. तो म्हणाला, "दादा, ट्रान्सफरचे पैसे मी तेव्हाच भरलेत. आरसी कधी येणार म्हणून मीच रोज विचारतोय." माझा राग तिथेच ओसरला. आम्हा दोघांच्या मधल्यांनी पैसे घेतले होते आणि कागद टेबलाच्या खणात ठेवला होता. पुढच्या महिन्यात गाडी त्याच्या नावावर झाली, चलनही त्यानं भरलं.

नियम नाहीत असं नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यानं आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं असतं. अशा विक्रेत्याला गाडी दिल्याचं फॉर्म २९सी भरून ऑनलाइन कळवलं, की पुढची जबाबदारी त्याची. आमच्या शोरूमकडे तसं प्रमाणपत्र आहे का, हे मी विचारलंही नव्हतं. पण ग्राहकानं विचारण्याची वाट का पाहावी? गाडी ज्या दिवशी घेतली त्याच दिवशी हे करणं त्यांचंच काम होतं, आणि ते त्यांनी केलं नाही.

तुम्हीही कधी गाडी एक्स्चेंजमध्ये दिली असेल, तर आज रात्रीच तिचा नंबर ॲपवर टाकून बघा. आणि पुढच्या वेळी कोऱ्या रकान्याखाली सही करू नका.