ठशातली चूक आणि पोलादातली चूक

कापड घ्यायला गेलो की दुकानदार एका कोपऱ्यातला ढीग दाखवतो. 'हा डिफेक्टचा माल, अर्ध्या भावात घ्या.' कारखान्यात चूक झाली की किंमत उतरते, हा आपला रोजचा व्यवहार. शिकारीच्या जुन्या रायफलींच्या बाजारात मात्र हा हिशेब कधी कधी उलटा होतो.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बंदुकांशी माझा संबंध आला तो आजोळामुळे. मामूंकडे परवान्याची एक जुनी रायफल होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ती कपाटात गेली. मामूंच्या इंतकालानंतर ती नियमाप्रमाणे जमा करायची वेळ आली, तेव्हा मामेभावाला नळीवरचे एक अक्षर दोनदा ठोकलेले दिसले. कोणीतरी त्याला सांगितले, 'परदेशात अशा चुकीला लाखो रुपये मिळतात.' घरात चर्चा सुरू झाली. शिकलेली म्हणून शोध घ्यायचे काम माझ्यावर आले.

वाचत गेले तसे कळले की ऐकीव गोष्टीत थोडे तथ्य होते. रायफलीच्या पोलादावर कंपनीचे नाव, अनुक्रमांक, काडतुसाचे माप हे सगळे ठशांनी उमटवले जाई. ठसा तिरपा बसे, दोनदा पडे, एखादे अक्षर राहून जाई. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने १९३६ साली बाजारात आणलेल्या 'मॉडेल ७०' या नामांकित शिकारी रायफलीत तर एकच अनुक्रमांक दोन नगांवर पडल्याची उदाहरणे आहेत. मग वेगळेपणा कळावा म्हणून क्रमांकापुढे इंग्रजी अक्षर जोडलेले दिसते. असा नग मिळाला की काही संग्राहक खूश होतात. हजारो सारख्या नगांत हा एक वेगळा, आणि त्यावर एका कामगाराच्या हाताची खूण.

पण त्यांच्या अटी कडक असतात. चूक कारखान्यातच झालेली हवी, नंतर कोणी केलेली नको. विंचेस्टरच्या अनेक जुन्या मॉडेलांच्या नोंदवह्या अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. अनुक्रमांक कळवला की तिथून त्या नगाच्या नोंदीचे पत्र मिळते. दुसरी अट अशी की रायफल नंतर कोणी 'सुधारलेली' नसावी. घासून, नवा रंग चढवून चकाचक केलेल्या जुन्या रायफलीची किंमत संग्राहकाच्या लेखी बहुधा घटते. आणि प्रत्येक वेगळेपण ही चूक नसते. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने अनुक्रमांक सक्तीचा केला. त्याआधीच्या कित्येक स्वस्त रायफलींवर तो नसायचाच. न कळणारा माणूस त्याला दुर्मीळ चूक समजून जास्त पैसे मोजतो.

इथपर्यंत मला गंमत वाटत होती. मग स्प्रिंगफील्ड रायफलीची हकीकत वाचनात आली.

ही १९०३ सालची अमेरिकी लष्करी रायफल. तिच्यावरून शिकारीच्या सुबक रायफलीही बनवल्या गेल्या. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा अशी एक त्यांच्यासोबत होती. १९१७ च्या सुमारास काही रायफली गोळी झाडताना फुटल्या. तपास झाला तो नळीमागच्या पोलादी भागाचा, म्हणजे रिसीव्हरचा. तो घडवताना लोखंड किती तापले हे अनुभवी कामगार रंगावरून, नजरेने ठरवत. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेले पोलाद डोळ्यांना कमी लाल दिसे, म्हणून ते आणखी तापवले जाई. यंत्राने मोजले तेव्हा उष्णता हवी त्यापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त निघाली. पोलाद ठिसूळ झाले होते. १९१८ मध्ये पद्धत बदलली. स्प्रिंगफील्ड कारखान्यात बनलेल्या ८,००,००० च्या आतल्या क्रमांकाच्या रायफलींतून गोळी झाडू नये, असे जाणकार आजही बजावतात.

त्या रायफलींवरचे ठसे मात्र नीट होते. अक्षरे सरळ, अंक स्वच्छ. चूक आत होती.

हे वाचताना मला माझा वर्ग दिसू लागला. आमच्या मुलांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलतात. उर्दूत 'ळ' नाही, नपुंसकलिंग नाही. साहजिकच वहीत 'माझी पुस्तक' येते, 'शाळा'ची 'शाला' होते. पान लाल शाईने भरते. आठवीतल्या एका मुलीचे वडील अशीच वही घेऊन आले. म्हणाले, "बाई, हिला जमत नाही. पुढच्या वर्षी घरीच ठेवतो." मी त्यांना तिचाच निबंध वाचून दाखवला. नळावरच्या रांगेविषयी लिहिले होते, आणि पाणी कोणाला आधी मिळावे याची कारणे तिने एकामागून एक इतकी नीट मांडली होती की ते ऐकतच राहिले. मी म्हटले, "भाईजान, ठसा तिरपा पडलाय. पोलाद पक्के आहे." मग त्याचा अर्थही समजावला. मुलगी आज नववीत आहे.

मुलांच्या चुका काही संग्राहकासारख्या जपायच्या नसतात. त्या दुरुस्त करायच्या असतात, आणि तिच्याही होत आहेत. पण आधी कोणती चूक कुठली आहे, हे पाहावे लागते. वर्गात अशाही वह्या येतात ज्यांत एक काना चुकलेला नसतो, कारण उत्तर गाईडमधून जसेच्या तसे उतरवलेले असते. एक प्रश्न फिरवून विचारला की मूल गप्प होते. त्या वहीवर आपण 'छान' लिहितो आणि घरी शाबासकी मिळते. अशा वेळी आपणही नुसता रंग पाहून उष्णता ठरवत असतो.

मामूंच्या रायफलीचे सांगायचे, तर ती ज्या कारखान्याची होती तिथली नोंद हाती लागली नाही. दोनदा ठोकलेले अक्षर कारखान्यातले की नंतरचे, हे कोणालाच सिद्ध करता आले नाही. परवानाधारक विक्रेत्याने साध्या जुन्या रायफलीचा भाव दिला. मामेभाऊ थोडा हिरमुसला. मामींनी मात्र ते पैसे तसेच नातीच्या बारावीच्या फीसाठी बाजूला काढून ठेवले.